प्रश्न आधी माहीत नसतो तेव्हा

वितरणाच्या धंद्यातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये एक स्क्रीन असतेच असते. नाव 'ऑर्डर इन्क्वायरी', 'इन्व्हॉइस सर्च' किंवा असंच काहीतरी. वर नऊ फील्ड: डीलर कोड, गाव, पार्ट नंबर, इन्व्हॉइस नंबर, ट्रान्सपोर्टर, सेल्समन, ऑर्डरची अवस्था, तारखेपासून, तारखेपर्यंत. खाली यादी. हवी ती फील्ड भरायची, बाकीची कोरी सोडायची आणि एंटर मारायचा. वापरायला ही सगळ्यात सोपी स्क्रीन आणि लिहायला सगळ्यात तापदायक. बिल छापणाऱ्या प्रोग्रामला काय विचारायचंय ते लिहितानाच ठरलेलं असतं. या स्क्रीनला मात्र समोरचा माणूस एंटर मारेपर्यंत प्रश्नच माहीत नसतो.

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांच्या संगणक विभागांत गेली. मशीन आयबीएमचं एएस/४००, १९८८ साली बाजारात आलेलं. पुढे आयबीएमने त्याचं आयसिरीज, सिस्टिम आय आणि मग आयबीएम आय असं बारसं करत नेलं, पण आमच्याकडे कुणी ती नावं मनावर घेतली नाहीत. भाषा आरपीजी, म्हणजे पंचकार्डांच्या काळात, १९५९ मध्ये, अहवाल छापण्यासाठी जन्मलेली. कोबोलची समवयस्क, आणि कोबोलइतकीच चिवट.

आरपीजीची जुनी रीत अशी. फाइल प्रोग्राममध्ये जाहीर करायची, किल्लीने रेकॉर्ड उचलायचं, नाहीतर किल्लीवर जाऊन उभं राहायचं आणि एकेक वाचत जायचं. किल्ली वेगळी हवी असेल तर वेगळी लॉजिकल फाइल. डीलरवार एक, गावावार एक, पार्ट नंबरवार एक. नऊ फील्ड, प्रत्येक भरलेलं किंवा कोरं, म्हणजे ५१२ शक्यता. एवढ्या लॉजिकल फाइली कुणी बांधत नाही. मग व्हायचं काय, तर प्रोग्रामर स्वतःच ठरवायचा की माणसं साधारण चार-पाच प्रकारेच शोधतात. तेवढ्या फांद्या लिहायच्या आणि उरलेल्यांना तांबड्या अक्षरांत 'डीलर कोड आवश्यक' असा संदेश द्यायचा.

विक्री विभागात एक ज्येष्ठ हिशेबनीस होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांना हा संदेश फार लागायचा. "मॅडम, गिऱ्हाईक फोनवर थांबलेलं असतं," ते म्हणाले होते. "त्याला बिलाचा नंबर आठवत नाही. माल सांगलीला गेला, दिवाळीच्या आधी गेला, आणि त्यात क्लच प्लेट होती, एवढंच तो सांगतो. तुमची स्क्रीन मला डीलर कोड विचारते. तो माहीत असता तर मी स्क्रीन उघडली कशाला असती?"

प्रश्न बिनतोड होता. अण्णांना हवी ती मोकळीक द्यायची तर प्रश्नाचं वाक्यच चालू प्रोग्रामात, त्यांच्या डोळ्यांदेखत तयार व्हायला हवं. डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल, आणि तिच्यात याला डायनॅमिक क्वेरी म्हणतात.

तसं पाहिलं तर एसक्यूएल येण्याआधीही आम्ही हे करतच होतो. एएस/४०० वर 'ओपन क्वेरी फाइल' नावाची कमांड आहे. तिला निवडीची अट अक्षरांच्या एका लांब पट्टीतून द्यायची असते. ती पट्टी सीएल, म्हणजे मशीनच्या कमांडच्या भाषेतल्या, प्रोग्राममध्ये तुकडे जोडून बनवायची, आणि जोडण्याचे शब्द तीन: नुसतं जोड, मध्ये एक जागा सोडून जोड, शेवटच्या मोकळ्या जागा कापून जोड. यातला चुकीचा शब्द पडला की पूर्ण अट बिघडायची. अवतरणचिन्हांचा गोंधळ तर असा की जुने लोक जुन्या प्रोग्राममधली चालू ओळ नक्कल करून आणायचे, ती समजून घेण्याच्या फंदात पडायचे नाहीत. डायनॅमिक एसक्यूएल ही नव्या पोरांची थेरं आहेत असं म्हणणाऱ्या ज्येष्ठांना मी याच कमांडची आठवण करून द्यायचे.

आधी स्थिर, म्हणजे स्टॅटिक एसक्यूएलबद्दल सांगायला हवं, कारण त्याचं मोल कळल्याशिवाय डायनॅमिकची किंमत कळत नाही. आरपीजी किंवा कोबोलच्या मजकुरात मध्येच एसक्यूएलचं वाक्य लिहायचं आणि आपली व्हेरिएबल्स विसर्गासारख्या दोन टिंबांनी ओळखीची करून द्यायची. कंपायलरच्या आधी प्रीकंपायलर येतो, ती वाक्यं वेचतो, तपासतो आणि त्यांच्या जागी डेटाबेसला हाक मारणाऱ्या ओळी घालतो. वाक्यरचना चुकली तर तिथेच कळतं, दुपारी तीन वाजता, तुमच्या टेबलावर. माहिती कुठल्या वाटेने, कोणत्या इंडेक्सवरून आणायची याचा आराखडाही प्रोग्रामबरोबरच साठवला जातो.

आराखडा आधीच आखून ठेवण्याची ही कल्पना आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेतली, सिस्टिम आर या प्रकल्पातली. चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये सीक्वेल ही भाषा, म्हणजे एसक्यूएलचं मूळ रूप, मांडली तेव्हा प्रोग्रामर नसलेल्या माणसानेही स्वतः प्रश्न टंकावा अशी त्यांची अपेक्षा होती. अण्णांसारख्यांनी, असंच म्हणा ना. प्रत्यक्षात अण्णांनी आयुष्यात एकही सिलेक्ट टंकलं नाही. त्यांच्या वतीने ते आमचा प्रोग्राम टंकतो. सिस्टिम आरच्या मंडळींचा १९८१ चा एक शोधनिबंध आहे. त्यात त्यांनी कामाचे दोन भाग स्पष्ट वेगळे केले: पुन्हा पुन्हा होणारे ठरावीक व्यवहार, आणि ऐनवेळी सुचलेले प्रश्न. पहिल्यांसाठी आधीच तयारी करून ठेवायची, दुसऱ्यांची तयारी प्रश्न आल्यावर. धंद्याच्या प्रोग्रामिंगमध्ये डायनॅमिक क्वेरीवरून होणारी निम्मी भांडणं ही वाटणी विसरल्यामुळे होतात, असं माझं मत आहे. बिल, पावती, साठ्याची नोंद हे ठरावीक व्यवहार. अण्णांची स्क्रीन हा ऐनवेळचा प्रश्न.

आता प्रत्यक्ष बांधणी. एक लांब व्हेरिएबल घ्यायचं, त्यात 'सिलेक्ट' पासून 'व्हेअर' पर्यंतचा ठरलेला भाग भरायचा. मग एकेक फील्ड बघायचं: भरलेलं असेल तर त्याची अट जोडायची. पहिल्या अटीआधी 'अँड' नको, नंतरच्या प्रत्येकीआधी हवा. ही पहिली कोण हे सांभाळायला नवशिके एक फ्लॅग ठेवतात. मुरलेले लोक 'व्हेअर १ = १' लिहून मोकळे होतात. एक म्हणजे एक हे नेहमीच खरं, त्यामुळे पुढची प्रत्येक अट बिनदिक्कत 'अँड' ने सुरू करता येते. दर वर्षी येणाऱ्या नव्या मुलांपैकी कुणीतरी ही ओळ बघून विचारायचंच, "मॅडम, हे कुणी गमतीत लिहिलंय का?"

वाक्य तयार झालं की 'प्रिपेअर'. इथे डेटाबेस ते वाचतो, तपासतो, आराखडा आखतो. मग त्यावर जो कर्सर, म्हणजे निकालात ओळीओळीने पुढे सरकणारी खूण, जाहीर केलेला असतो तो उघडायचा, एकेक ओळ 'फेच' करायची, कोड १०० आला की माल संपला समजायचं, कर्सर मिटायचा. मिटायला विसरलात तर पुढच्या वेळी उघडताना उणे ५०२: कर्सर आधीच उघडा आहे. दोन तुकड्यांमध्ये जागा सुटली नाही, 'ऑर्डर बाय' मागच्या शब्दाला चिकटला, तर उणे १०४. हे आकडे आम्हाला एसटीच्या थांब्यांसारखे पाठ असायचे.

या चुका तरी ओरडून सांगतात. खरा त्रास न ओरडणाऱ्यांचा, आणि तो मूल्य वाक्यात चिकटवण्यापासून सुरू होतो.

सोपी वाट अशी की अण्णांनी 'सांगली' टंकलं की ते अवतरणचिन्हांत घालून वाक्याला जोडायचं. आरपीजीत अवतरणचिन्हाच्या आत अवतरणचिन्ह हवं तर ते दोनदा लिहायचं असतं, म्हणजे नुसतं एक चिन्ह जोडायला सलग चार. असा प्रोग्राम वाचताना डोळ्यांपुढे मुंग्या येतात. एवढं करूनही तो चालतो, महिनोन्महिने चालतो. मग कधीतरी वसईचा किंवा म्हापशाचा डीलर येतो. आडनाव डिसोझा. रोमनमध्ये त्याच्या डी आणि एसच्या मध्ये एक चिन्ह असतं, आणि ते चिन्ह एसक्यूएलच्या दृष्टीने मजकूर संपल्याची खूण आहे. नाव 'डी' वर संपलं, पुढचं 'सोझा' वाक्यात उघडं पडलं, स्क्रीन कोलमडली. मी ज्या कंपन्यांत काम केलं त्यांपैकी एकीत यावर शोधलेला उपाय असा: डीलर मास्टरमध्ये ते चिन्ह टंकायचंच नाही, असं लेखी परिपत्रक. प्रोग्राममधला दोष झाकायला माणसांच्या आडनावांचं स्पेलिंग बदललं. मला अजून त्याचा राग येतो.

दुरुस्ती सोपी होती. मूल्याच्या जागी वाक्यात फक्त प्रश्नचिन्ह ठेवायचं, ज्याला पॅरामीटर मार्कर म्हणतात, आणि कर्सर उघडताना 'यूजिंग' म्हणून खरी मूल्यं हातात द्यायची. मग नावात एक चिन्ह असो की दहा, डेटाबेस त्याला निव्वळ नाव समजतो. वाक्याचा भाग समजण्याचा प्रश्नच येत नाही, कारण वाक्य तोवर वाचून झालेलं असतं.

पण लगेच दुसरी अडचण. 'यूजिंग' मागची यादी प्रोग्राम लिहितानाच ठरते. आज अण्णांनी दोन फील्ड भरली, उद्या पाच. प्रश्नचिन्हं दोन आणि मूल्यं पाच असं झालं की उणे ३१३. याला शास्त्रोक्त उत्तर एसक्यूएलडीए, म्हणजे मूल्यांचं वर्णन ठेवणारी एक रचना: किती आहेत, कुठल्या प्रकारची, मेमरीत कुठे. ती हाताने भरायची. मी ती भरली आहे आणि नाइलाज असल्याशिवाय कुणी भरू नये असं सांगेन, कारण तुमच्यानंतर तो प्रोग्राम हातात घेणारा माणूस तुम्हाला शिव्या देईल.

आमच्या विभागात रुळलेली रीत वेगळी होती: प्रश्नचिन्हांची संख्या कधी बदलूच द्यायची नाही. फील्ड भरलेलं असेल तर 'गाव = ?'. कोरं असेल तर त्या जागी अशी अट, की जिच्यात प्रश्नचिन्ह आहे पण ती नेहमीच खरी ठरते: हे मूल्य, अमुक लांबीचा मजकूर समजून, नल (म्हणजे मूल्यच नसलेलं) नाही. आरपीजीचं साधं व्हेरिएबल नल नसतंच. अट खरी, डेटाबेसला काम नाही, आणि 'यूजिंग' ची यादी कायमची एक. बघणाऱ्याला विचित्र वाटतं, म्हणून वर चार ओळींची टीप लिहायची. ती टीप आम्ही सक्तीची केली होती.

आता एक शहाणा माणूस विचारेल, एवढा उपद्व्याप कशाला? स्टॅटिकमध्येच लिहा: व्हेरिएबल कोरं असेल किंवा गाव त्या व्हेरिएबलइतकं असेल. नऊ फील्डसाठी असे नऊ कंस. वाक्य एकच, कंपाइल होतानाच तपासलेलं. हा मुद्दा खरा आहे आणि दोन-चार हजार ओळींच्या मास्टर फाइलवर मी आजही हेच करते. पण विक्रीच्या इतिहासाच्या फाइलवर, जिथे ओळी कोटीच्या घरात जातात, तिथे हे बहुधा पडतं. आराखडा आखणाऱ्या ऑप्टिमायझरला पार्ट नंबर आहे की गाव आहे हे कळत नाही, सगळ्या शक्यतांना पुरेल अशी वाट शोधायची तर ती अख्खी फाइल वाचण्याचीच निघते. डायनॅमिक वाक्यात नको त्या अटी नसतातच, त्यामुळे पार्ट नंबर आला की पार्ट नंबरचा इंडेक्स, डीलर आला की डीलरचा.

याचा उलटा किस्साही आहे. ऑर्डरच्या अवस्थेचं फील्ड. 'प्रलंबित' ऑर्डर मूठभर, 'पूर्ण' लाखोंनी. प्रश्नचिन्हामागे कुठलं मूल्य आहे यावर चांगली वाट कोणती ते ठरतं. अशा एखाद्या कॉलमपुरतं मूल्य सरळ वाक्यात लिहावं, पण ते वापरणाऱ्याने टंकलेलं नसावं. त्याने यादीतला पर्याय निवडायचा आणि वाक्यात जाणारा मजकूर आमच्या प्रोग्रामात आधीच लिहिलेला असायला हवा.

हाच नियम क्रमवारीला. 'एफ ७ दाबलं की गावावार लावा, एफ ८ ला तारखेवार.' कॉलमच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्ह चालत नाही, फाइलच्या नावाच्या जागीही नाही. प्रश्नचिन्ह फक्त मूल्यासाठी. आमच्याकडे विक्रीचा इतिहास एप्रिल ते मार्च अशा आर्थिक वर्षावार वेगळ्या फाइलींत होता, नावाच्या शेवटी वर्षाचे आकडे. अण्णा वर्ष टंकायचे, तेवढ्यावर फाइलचं नाव बनायचं. इथे जोडण्यावाचून मार्ग नाही. मग आधी ते आकडे वैध वर्षांच्या तक्त्यात आहेत का बघायचं, आणि तक्त्यातूनच फाइलचं नाव उचलायचं. टंकलेलं वर्ष फक्त शोधायला, वाक्यात जायला नाही.

तारखांची कथा तर प्रत्येक एएस/४०० वाल्याकडे असते. जुन्या फाइलींत तारीख सात आकडी संख्या: पहिला आकडा शतकाचा, १९०० साठी शून्य, २००० साठी एक, मग वर्ष, महिना, दिवस. नव्या फाइलींत खऱ्या तारखा. ०३/०४/०५ हा मजकूर वाक्यात चिकटवला तर तो तीन एप्रिल की चार मार्च हे त्या जॉबची तारखेची मांडणी ठरवते. पुण्यातल्या सेटिंगवर बरोबर चाललेला अहवाल अमेरिकेतल्या ग्राहकाच्या मशीनवर चुकीच्या महिन्याचे आकडे देतो आणि तक्रार करत नाही. न ओरडणारी चूक म्हणते ती ही. तारखेच्या व्हेरिएबलमधून, प्रश्नचिन्हातून मूल्य गेलं की हा प्रश्नच मिटतो.

अधिकारांचा मामला जास्त बारीक आहे. विक्रीच्या फाइलीवर कारकुनांना थेट अधिकार नसायचे. प्रोग्राम मालकाच्या अधिकाराने चालायचा आणि त्या आडोशाने त्यांना दिसायचं. एका ठिकाणी स्टॅटिकचा प्रोग्राम डायनॅमिक केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाच्या स्क्रीनवर उणे ५५१, अधिकार नाही. कारण डायनॅमिक वाक्य, वेगळं सांगितलं नसेल तर, चालवणाऱ्या माणसाच्याच अधिकाराने चालतं. कुणीतरी सुचवलं, देऊन टाका सगळ्यांना फाइलवर अधिकार. मी कडाडून विरोध केला. कंपाइल करताना एक पॅरामीटर आहे, त्याने डायनॅमिक वाक्यालाही मालकाचे अधिकार मिळतात. आम्ही तो वापरला, पण आधी प्रोग्रामात टंकलेला मजकूर कुठेही थेट चिकटत नाही याची खात्री करून. मालकाचे अधिकार आणि चिकटवलेला मजकूर एकत्र आले, तर स्क्रीनवरच्या फील्डमध्ये अर्धं एसक्यूएल टंकणाऱ्याच्या हाती मालकाची चावी दिल्यासारखं होतं.

एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच. त्याची जाहीर चर्चा डिसेंबर १९९८ मध्ये फ्रॅक या हॅकर लोकांच्या नियतकालिकातल्या लेखापासून सुरू झाली. आमच्याकडची प्रतिक्रिया बरीच वर्षं एकच: ते वेबवाल्यांचं, आपलं मशीन चार भिंतींत, कोण हल्ला करणार, अण्णा? मग डीलरांसाठी पोर्टल आलं. पोर्टलने मागे जाऊन कुठला प्रोग्राम वापरला, तर तोच जुना, चिकटवणारा. चार भिंती पडल्या तेव्हा आत काय लिहिलंय ते कुणी वाचलं नव्हतं.

डायनॅमिकचं व्यसनही लागतं. एक प्रोग्राम माझ्याकडे दुरुस्तीला आला होता, ज्यात कोड देऊन एका ग्राहकाचं नाव आणणंसुद्धा जोडलेल्या वाक्याने केलं होतं, तेही बिलाच्या प्रत्येक ओळीला नव्याने. लिहिणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "उद्या बदललं तर लवचिक असावं." उद्या काय बदलणार होतं देव जाणे. त्याचा परिणाम मात्र आजच दिसत होता. कॉलमचं नाव बदललं तर कुठले प्रोग्राम बाधित होतील हे मशीनच्या संदर्भयादीतून काढायला जावं, तर हा प्रोग्राम यादीत नाही, कारण फाइलचं नाव चालू असतानाच बनतं. मग सगळ्या सोर्समध्ये अक्षरं शोधत बसा, आणि नाव दोन तुकड्यांत लिहिलेलं असेल तर तेही सापडत नाही.

डायनॅमिक प्रोग्रामात एक सोय मी कधीच सोडली नाही: प्रिपेअर अयशस्वी झालं की पूर्ण बनलेलं वाक्य, वापरणाऱ्याचं नाव आणि एसक्यूएल कोड एका फाइलीत लिहायचा. रात्री फोन आला तर वाक्य जसंच्या तसं उचलून इंटरॅक्टिव्ह एसक्यूएलमध्ये चालवून बघता येतं. नाहीतर अण्णांनी नेमकं काय भरलं होतं हे अण्णांना विचारावं लागतं, आणि ते म्हणतात, "नेहमीचंच."

अण्णांची स्क्रीन नव्याने लिहिली तेव्हा त्यात एकच फील्ड सक्तीचं ठेवलं: आर्थिक वर्ष. त्यांनी त्यालाही हरकत घेतली होती.

हे वाचणाऱ्यांपैकी जे अजून अशा यंत्रांवर, आरपीजी किंवा कोबोलमध्ये काम करतात, त्यांना एक विनंती. तुमच्या सोर्समध्ये 'प्रिपेअर' आणि 'एक्झिक्यूट इमिजिएट' (वाक्य तयार करून लगेच चालवणारी आज्ञा) हे शब्द शोधा. जिथे सापडतील तिथे वर चढत जा आणि स्क्रीनवरून आलेलं फील्ड वाक्याला थेट जोडलंय का बघा. जोडलेलं दिसलं तर पोर्टलवाल्यांना कळवण्याआधी ते दुरुस्त करा, आणि डीलर मास्टरमध्ये डिसोझांचं आडनाव त्यांच्या स्वतःच्या स्पेलिंगप्रमाणे टंकून चाचणी घ्या.